शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्या

आमच्या गल्लीतले तात्या परवा सकाळी पेपर मागायला आले आणि जाता जाता खिशातून एक कार्ड काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. चकचकीत लॅमिनेशन, वर लाल एसटीचं चित्र, कोपऱ्यात तात्यांचा टोपीतला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘ज्येष्ठ नागरिक मोफत प्रवास पास’. एका टपरीवर २५० रुपये मोजून करून घेतलेलं. “आता हिंडायला मोकळा बघ,” म्हणाले.

दोन दिवसांनी तात्या तासगावच्या गणपतीला निघाले. सांगलीच्या स्टँडवर गाडीत बसले, कंडक्टर आला, यांनी ऐटीत कार्ड पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं. “तात्या, ह्ये कुणी दिलं तुमाला? आधार हाय का, आधार?” आधार होतं. त्यानं जन्मसाल वाचलं, मशीनची बटणं दाबली आणि तिकीट फाडून हातात दिलं. तिकिटावर रक्कम शून्य. अडीचशेचं कार्ड परत तात्यांच्या खिशात.

मी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून देते. पेन्शनचे हयातीचे दाखले, बँकेचं केवायसी, दिव्यांगांची कार्डं, असलंच सगळं. एसटीच्या सवलतीइतका गोंधळ मी दुसऱ्या कशात बघितला नाही, आणि टपरीवाल्यांची कमाई सगळी त्या गोंधळावर चालते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

पास कुठला, पुरावा दाखवा

वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत आहे. बाई असो, बुवा असो. योजनेचं नाव ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’, सुरू झाली २६ ऑगस्ट २०२२ ला. स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली म्हणून ७५ चा आकडा आणि अमृत हे नाव. साधी लालपरी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी, सगळ्या गाड्यांत ती चालते. वर्षातून किती वेळा जायचं याला बंधन नाही.

या प्रवासासाठी वेगळा पास काढावाच लागतो, हा समज मात्र जुना आहे आणि तो हवेतून आलेला नाही. २०१९ च्या सुमाराला महामंडळानं ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्ड काढलं होतं. ५५ रुपये फी, डेपोत रांगा, अंगठा उमटेना म्हणून परत पाठवणं. सवलतीला तेव्हा वर्षाला ४००० किलोमीटरची मर्यादा होती. ती रांग ज्यांनी लावली त्यांच्या डोक्यात ‘कार्डाशिवाय सवलत नाही’ हे घट्ट बसलं. अमृत योजना आली तेव्हा वयाचा पुरावा म्हणून आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, केंद्र किंवा राज्य सरकारनं दिलेलं ओळखपत्र आणि ते जुनं स्मार्ट कार्ड, यांतलं काहीही एक चालेल असं ठरलं. मोबाईलमधलं डिजिलॉकर आणि एम-आधारसुद्धा. तेव्हा सरकारनं दिलेली, फोटो आणि जन्मतारीख असलेली वस्तू जवळ ठेवायची. उद्या महामंडळानं नवं कार्ड काढायला सांगितलंच, तर ते डेपोतून माहिती घेऊन काढायचं. टपरीवर चित्र छापून मिळतं, सवलत मिळत नाही.

आता त्या शून्याच्या तिकिटाबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण बाकी सगळे नियम त्यातूनच उलगडतात.

आपल्याला वाटतं, एसटीनं आपल्याला फुकट नेलं. एसटी कुणालाच फुकट नेत नाही. डिझेल, टायर, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, काहीच फुकट नसतं. तुमचं भाडं राज्य सरकार भरतं. कंडक्टर मशीनमध्ये सवलतीचा प्रकार निवडतो, कुठून कुठं ते घालतो आणि तिकीट काढतो. कागदावर शून्य छापलं जातं, पण हिशेबात त्या प्रवासाचं भाडं सरकारच्या नावावर चढतं. राज्यभरातल्या अशा तिकिटांची बेरीज करून महामंडळ सरकारकडं मागणी करतं. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. विद्यार्थी, स्त्रिया, ज्येष्ठ, दिव्यांग, आजारी माणसं, स्वातंत्र्यसैनिक असे सवलतीचे तिसेक प्रकार आहेत आणि त्या सगळ्यांचा पैसा याच वाटेनं येतो. तो यायला उशीर झाला की कर्मचाऱ्यांचे पगार रखडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा तात्यांना काही कळलंसुद्धा नाही. शून्य वाढून शून्यच. त्यांच्या वाटणीची वाढ सरकारच्या बिलात गेली.

तिकीट घेतलंच नाही, तर तुमचा प्रवास कुठंच लिहिला जात नाही. एसटीला तुमच्यापायी एक रुपया मिळत नाही आणि तुम्ही सरळसरळ विनातिकीट प्रवासी ठरता. आमच्या गाडीत एकदा कवठे एकंदच्या पुढं चेकर चढले. खिडकीपाशी एक आज्जी बसल्या होत्या, कमरेला पिशवी बांधलेल्या. तिकीट विचारल्यावर म्हणाल्या, “फुकाट हाय की मला. तिकीट कशाला?” गर्दीत कंडक्टर त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता आणि त्यांनीही हाक मारली नव्हती. बोलणी खाल्ली कंडक्टरनं. आज्जींनी आधारचं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, तर त्यात आधीच्या फेऱ्यांची सात-आठ तिकिटं घड्या घालून ठेवलेली, शाई उडून कोरी झालेली. जुनी जपली होती, त्या दिवसाचं नव्हतं.

म्हणून कंडक्टर आला नाही तर हाक मारा, शून्याचं तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत हातात ठेवा. तो दर वेळी कार्ड मागतो याचा राग मानू नका. रोज त्याच गाडीनं जाणारे आमचे एक शेजारी चिडतात, “रोज तोंड बघतोस की माझं!” पण प्रत्येक शून्याच्या तिकिटाचा हिशेब त्याच्याच गळ्यात असतो. तोंड बघून तिकीट काढलं आणि वय कमी निघालं तर तो अडकतो.

अर्धं अधिक अर्धं म्हणजे पूर्ण नव्हे

६५ पूर्ण ते ७५ या वयात तिकीट अर्धं. १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान’ योजनेत सगळ्या वयाच्या स्त्रियांना तिकीट अर्धं झालं. यावर आमच्या भिशीतल्या एका मावशींनी बिनतोड हिशेब मांडला होता: मी बाई म्हणून अर्धं, म्हातारी म्हणून अर्धं, म्हणजे मला फुकट! तसं नाही. एका प्रवासाला एकच सवलत. साठीतली बाई अर्ध्यात जाते, सत्तरीतली अर्ध्यातच जाते आणि ७५ पूर्ण झाली की मोफत. गंमत अशी की ६५ ते ७५ मधल्या बाईला वयाचा कागद शोधायची गरजच उरली नाही, नवऱ्याला मात्र त्याच अर्ध्या तिकिटासाठी आधार काढावं लागतं. नवरा-बायको शेजारी बसलेले असतात आणि कार्ड एकट्यालाच मागतात, त्याचं कारण हे.

अर्धं तिकीट कधी कधी बरोबर निम्मं येत नाही, त्यावरूनही वाद होतात. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं. एक टप्पा ६ किलोमीटरचा, आणि टप्प्यात पाऊल पडलं की पूर्ण टप्पा. शिवाय तिकिटात प्रवासभाड्याखेरीज अपघात सहायता निधीचा अधिभार असतो, वातानुकूलित गाडीत जीएसटी असतो. सवलत आहे ती प्रवासभाड्यावर. एक-दोन रुपयांसाठी कंडक्टरशी हुज्जत घालण्याआधी हे लक्षात असू द्या. तिकिटावर सगळं फोड करून छापलेलं असतं, चष्मा लावून वाचलं की दिसतं.

कागदावरचं वय

खरी अडचण इथं आहे आणि माझा निम्मा वेळ यातच जातो.

आमच्या आक्कांचंच उदाहरण घ्या. जन्मसाल विचारलं तर त्या सांगतात, “गांधींना मारलं आन् गावात जाळपोळ झाली, तवा मी आईच्या पोटात हुते.” सातारा-सांगलीकडच्या कुणालाही हे साल सांगावं लागत नाही. १९४८. त्या हिशेबानं आक्का २०२३ मध्येच पंच्याहत्तरी पार करून बसल्या. त्यांच्या आधारवर मात्र ०१/०१/१९५५ आहे. म्हणजे एसटीच्या दृष्टीनं त्यांची पंच्याहत्तरी २०३० साली.

हे झालं कसं? आधारची नोंदणी सुरू झाली तेव्हा ज्यांच्याकडं जन्माचा कागद नव्हता त्यांना अंदाजे वय सांगायची मुभा होती. वय सांगितलं की मशीन साल काढायचं आणि तारीख आपोआप १ जानेवारी पडायची. म्हणून आपल्याकडं इतक्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस नववर्षाच्या दिवशी असतो. आक्कांच्या वेळी शाळेच्या वर्गात टेबल टाकलेलं, मागं मोठी रांग. टेबलावरच्या पोरानं विचारलं, “आज्जी, वय किती?” शेजारच्या सुनेनं अंदाजानं एक आकडा सांगून टाकला. झालं.

कंडक्टरला यात काही करता येत नाही. तोंडावरच्या सुरकुत्या मोजून तिकीट देता येत नाही, त्याला कागदच बघावा लागतो. तुमच्याकडं दुसरं एखादं सरकारी ओळखपत्र असेल आणि त्यावर जन्मतारीख बरोबर असेल, तर ते दाखवा. आधारच पाहिजे असा हट्ट योजनेत नाही. पण बहुतेक घरांत पॅन कार्ड आधार बघूनच काढलेलं असतं, त्यामुळं चूकही जशीच्या तशी तिथं उतरलेली असते.

आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करता येते, पण एकदाच, आणि जन्माचा कागद जोडून. त्यामुळं गडबडीत जाऊन दुसरी चुकीची तारीख घालून येऊ नका. शाळेत गेलेल्या माणसाचं सोपं आहे: गावच्या प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यात नाव आणि जन्मतारीख सापडते. तो उतारा हातात असला की पुढच्या कागदांना पाया मिळतो. शाळाच न बघितलेल्या आक्कांसारख्या बायकांसाठी जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावोगावची कोतवाल बुकं असतात, काही मोडीत लिहिलेली. आम्ही नक्कल मागितली. आक्कांच्या वडलांचं नाव सापडलं, साल १९४८ सापडलं, महिना सापडला. आक्कांचं नाव नाही. तिथं नुसतं ‘मुलगी’ एवढंच. बारशाआधी नोंद झालेली, नंतर नाव घालायला कोण जातंय. ही ‘मुलगी’ म्हणजेच आक्का हे सिद्ध करायचं काम अजून चालू आहे. तोवर आक्का बाई म्हणून अर्ध्या तिकिटात फिरतात, आणि दर वेळी कंडक्टरला ती जाळपोळीची गोष्ट सांगतात.

गाडी कुणाची आणि सीमा कुठं

सांगली-मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगायला लागतं, कारण आपण कर्नाटकाच्या उंबऱ्यावर राहतो.

पैसे देणारं महाराष्ट्र सरकार आहे, तेव्हा सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. मिरजेहून एसटीनं चिंचलीच्या मायाक्काला निघालात तर म्हैसाळच्या पुढं कर्नाटक लागतं, तिथून कागवाड, मग पुढं रायबाग तालुका. हद्दीपर्यंतचं तिकीट शून्य, हद्दीपासून पुढचं पूर्ण भाडं. हीच गत जतहून विजापूरला जाणाऱ्यांची आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांची. घरातून निघताना “आज्जीला फुकट आहे” म्हणून पैसे न देता गाडीत बसवून दिलं, आणि कागवाडच्या अलीकडं आज्जी कमरेची गाठ सोडून चिल्लर मोजत बसल्या, असं होऊ देऊ नका. जत तालुक्यातलं गुड्डापूरचं दानम्मा देवीचं देऊळ महाराष्ट्रात आहे, तिथं जाताना ही अडचण नाही.

दुसरी गोष्ट, मिरजेच्या स्टँडवर कर्नाटकाच्या गाड्याही लागतात. पाटी वाचायच्या आधी गाडीत चढायची आपल्याला सवय. त्या गाडीत आपली अमृत योजना चालत नाही, गाडीच दुसऱ्या महामंडळाची. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना साध्या गाड्यांत मोफत प्रवास आहे हे ऐकून आमच्याकडच्या काहीजणी हौसेनं चढल्या होत्या. ती सवलत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना आहे, आणि कंडक्टर त्याचा पुरावा मागतो.

तिसरी गोष्ट शहरी बसची, आणि ही मलाही पहिल्यांदा पटली नव्हती. सांगली-मिरजेची सिटी बस एसटीच चालवते. डेपो तोच, खाकी गणवेश तोच. पण अमृत आणि महिला सन्मान या दोन्ही योजनांतून शहरी वाहतूक वगळलेली आहे. म्हणजे ऐंशी वर्षांचा माणूस सांगलीहून मुंबईला फुकट जाऊ शकतो, पण घरापासून मिरजेच्या दवाखान्यापर्यंत सिटी बसनं जायचं तर पैसे मोजतो. मला विचाराल तर हे उलटं आहे. या वयाच्या माणसाला मुंबईपेक्षा दवाखान्याची फेरी जास्त पडते. यावर आमच्याकडच्या जाणत्या म्हाताऱ्यांनी आपला मार्ग काढलाय: ते सिटी बस सोडतात आणि त्याच रस्त्यानं जाणारी ग्रामीण किंवा लांब पल्ल्याची गाडी धरतात. तिला तिथं थांबा आहे का, एवढं आधी विचारून घ्यायचं. पुण्यात स्वारगेटला उतरलात की पुढची पीएमपी पुन्हा वेगळी संस्था, तिथं एसटीची सवलत नाही.

रेल्वेबद्दलही विचारतात म्हणून सांगते: ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. मिरज जंक्शनच्या खिडकीवर आधार पुढं करून उपयोग नाही. दिव्यांगांची रेल्वे सवलत मात्र चालू आहे.

दिव्यांगांचा हिशेब

इथं पहिला गैरसमज असा की दिव्यांगांना एसटी मोफत आहे. मोफत नाही. साध्या आणि निमआराम गाडीत तिकिटात ७५ टक्के सवलत, शिवशाहीच्या आसनी गाडीत ७० टक्के. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असायला हवं. ते ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही सवलत मिळते: साध्या आणि निमआरामला ५० टक्के, शिवशाहीत ४५. म्हणजे साध्या गाडीचं भाडं १०० रुपये धरलं तर दिव्यांगाचे २५ आणि सोबत्याचे ५०. दोघं मिळून ७५ रुपयांत, एका माणसाच्या पूर्ण तिकिटापेक्षाही कमी.

त्यामुळं ६५ हा आकडा फार महत्त्वाचा. ज्याला एकट्यानं गाडी चढता येत नाही, त्याला सोबत्याच्या तिकिटाची सवलत स्वतःच्या सवलतीइतकीच लागते.

टक्केवारी कोण ठरवतं? सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ. आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो आणि जुने कागद चढवायचे, रुग्णालय निवडायचं. मग बोलावतील त्या दिवशी तपासणी. सांगलीत ती सिव्हिलला, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात होते. आधीच्या उपचारांची फाईल, एक्स-रे, कानाची तपासणी झाली असेल तर तो आलेख, सगळं घेऊन जा. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं, त्यालाच वैश्विक ओळखपत्र म्हणतात. एसटीत हेच दाखवायचं.

आता टक्केवारीचं गणित. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, कवठेमहांकाळकडचा. पायाचं अपंगत्व ५० टक्के, शिवाय ऐकू कमी येतं, ते ३० टक्के. त्याच्या वडलांनी घरीच बेरीज केली, ५० आणि ३०, झाले ८०. सोबत्याची सवलत पक्की. प्रमाणपत्र हातात आलं तर त्यावर ६३. वडील म्हणाले, डॉक्टरांनी मुद्दाम कापले.

मुद्दाम कापलेले नसतात. दोन अपंगत्वांची सरळ बेरीज करतच नाहीत. रीत अशी आहे: मोठा आकडा तसाच घ्यायचा. मग ९० मधून तो वजा करायचा. इथं ९० वजा ५०, उरले ४०. दुसऱ्या आकड्याला या ४० नं गुणायचं आणि ९० नं भागायचं: ३० गुणिले ४० झाले १२००, त्याला ९० नं भागलं की १३ आणि वर थोडं. ५० अधिक १३, झाले ६३. यामागचा विचार असा की पहिल्या अपंगत्वानं जी क्षमता गेली ती गेलीच. दुसरं अपंगत्व उरलेल्या क्षमतेतूनच काही नेतं. अर्धी भाकरी संपल्यावर कुणी तिसरा हिस्सा मागितला तर तो उरलेल्या अर्धीतलाच मिळणार, अख्ख्या भाकरीतला नाही. सरळ बेरीज केली असती तर ७० आणि ६० टक्के असलेल्या माणसाचे १३० टक्के झाले असते.

वडलांना हे वहीवर मांडून दाखवलं. पटलं, पण दोन टक्क्यांनी सोबत्याची सवलत हुकली याचं वाईट वाटायचं ते वाटलंच. मलाही वाटलं.

कार्डाच्या रंगावरूनही घोळ होतो. ४० टक्क्यांच्या आतलं कार्ड पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून पुढं निळं. आता बघा, एसटीच्या सोबत्याची सवलत सुरू होते ६५ ला, आणि ६५ हा आकडा येतो पिवळ्या रंगाच्या पोटात. ४५ टक्केवाल्याचंही कार्ड पिवळं, ७० टक्केवाल्याचंही पिवळं. नुसता रंग बघून कंडक्टर म्हणाला, “सोबत्याला नाही बसत,” तर शांतपणे कार्डावरचा टक्क्याचा आकडा बोटानं दाखवा. मी काही जणांच्या कार्डाच्या झेरॉक्सवर त्या आकड्याला लाल पेननं गोल करून दिला आहे. मूळ कार्ड मात्र जवळ पाहिजेच, झेरॉक्स नुसती बोट दाखवायला.

प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं तेही बघून ठेवा. सुधारणा होण्यासारखी स्थिती असेल तर मुदत घालून देतात. ती तारीख उलटली की कार्ड असून नसल्यासारखं. घरच्या कॅलेंडरवर मुदतीच्या दोन महिने आधी खूण करून ठेवा, कारण तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो.

आणखी एक. दिव्यांग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कुबडी आणि काळा चष्मा येतो. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यात पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मानसिक आजार, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातले बळी असे सगळे येतात. बासष्ट वर्षांच्या माणसाचा हात पार्किन्सननं कापत असेल, तर ज्येष्ठ म्हणून एसटीत त्याला काही मिळत नाही, वय बसत नाही. पण तपासणीत ४० टक्के किंवा वर निघाला तर सवलतीचं हे कार्ड त्याला मिळतं. अशी माणसं तपासणीलाच जात नाहीत. “मी काय लंगडा आहे का,” म्हणतात. आमच्या गल्लीत असे दोघं आहेत, दोघांनाही मी अजून सिव्हिलपर्यंत नेऊ शकलेली नाही.

७५ पूर्ण झालेल्या दिव्यांगानं स्वतःसाठी ज्येष्ठ म्हणून शून्याचं तिकीट घ्यावं, ते जास्त फायद्याचं.

डायलिसिस आणि बाकीचं थोडक्यात

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात “मिरजेला गेलाय” म्हटलं की दवाखाना हे वेगळं सांगावं लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला साध्या गाडीत प्रवास मोफत आहे. सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्ही असलेल्यांनाही. कर्करोग, क्षय आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना ७५ टक्के सवलत. इथं वयाशी संबंध नाही, उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा दाखला लागतो. तो कोणत्या नमुन्यात हवा ते आधी डेपोत विचारा आणि मग डॉक्टरांकडं जा. उलट क्रमानं गेलात तर दोन फेऱ्या जास्त होतात.

आगाऊ आरक्षण करणार असाल तर मोफतवाल्यांनाही आरक्षणाचा आकार भरावा लागतो. तिकीट शून्य, आरक्षण शून्य नाही. ऑनलाइन करताना प्रवासी कोणत्या सवलतीतला ते त्याच वेळी निवडायचं. मुलं पुण्यातून घाईघाईनं आईबाबांचं पूर्ण तिकीट काढून पाठवतात आणि मग आईबाबा गाडीत कंडक्टरला म्हणतात पैसे परत द्या. तो कुठून देणार.

सवलत असूनही नाकारली तर गाडीत भांडण वाढवू नका, गाडीभर लोक खोळंबतात आणि उतरवून दिलं तर तुमचेच हाल. पैसे देऊन तिकीट घ्या आणि जपून ठेवा. त्यावर गाडी, वेळ, मार्ग सगळं असतं. कंडक्टरच्या छातीवरच्या बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या. मग आगार व्यवस्थापकाकडं लेखी अर्ज, तिकिटाची झेरॉक्स जोडून. झेरॉक्स त्याच दिवशी काढा, ती शाई आठवड्यात उडते. एसटीचा मोफत दूरध्वनी १८०० २२ १२५० आहे.

तात्यांचे अडीचशे परत मिळतात का बघायला मी त्यांच्याबरोबर त्या टपरीवर गेले होते. टपरीवाला जागचा हललाही नाही. म्हणाला, “पास दिला असं कुठं म्हणालो मी? पैशे लॅमिनेशनचे हायत.”